आयुष्यभराची छायाचित्रं आणि जाहिरातपट स्कॅनिंगला देताना

तीस-चाळीस वर्षं छायाचित्रं आणि जाहिरातपट केलेल्या माणसाच्या कपाटात निगेटिव्ह, स्लाइड, १६ आणि ३५ मिमीची रिळं, यू-मॅटिक आणि बीटाकॅम या व्हिडिओ कॅसेट असं सगळं एकत्र निघतं. बहुतेक जण गाजलेल्या कामापासून सुरुवात करा म्हणतात. आम्हा स्कॅनिंग करणाऱ्यांचा सल्ला वेगळा आहे: जे आधी नासतंय, ते आधी द्या.

डबे हवेशीर जागी एकेक करून उघडा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया (चित्राखालची प्लास्टिकची पट्टी) नासायला लागलाय. त्यातून सुटणारं आम्लच नासणं आणखी वाढवतं, म्हणून तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. अशी फिल्म आटते. एखाद टक्का आटली तरी कडेची भोकं यंत्राच्या दात्यांवर बसेनाशी होतात आणि फाटतात, तेव्हा प्रोजेक्टरवर लावून बघू नका. १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ मिमी फिल्म नायट्रेट या जुन्या प्लास्टिकची असू शकते. ती भडकन पेट घेते. कुरिअर करण्याआधी आम्हाला फोन करा.

जाहिरातपटांत हमखास हरवतो तो आवाज. चोवीस फ्रेमच्या वेगाने ३० सेकंदांची जाहिरात ३५ मिमीवर ४५ फूट भरते, १६ मिमीवर फक्त १८. एवढंसं रीळ कापलेला तुकडा समजून टाकून दिलं जातं. त्यात चित्राच्या निगेटिव्हवर आवाज नसतोच. तो वेगळ्या रिळावर असतो. डब्यांवरचे जॉब नंबर जुळवून जोड्या लावा. चित्रीकरण २४ फ्रेमला होतं की टीव्हीसाठी २५ला, तेही माहीत असल्यास कळवा. इथे चूक झाली तर आवाज चार टक्के चढतो किंवा उतरतो, आणि जिंगल ऐकताना ते लगेच कानाला खटकतं.

जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र लालसर होतं. निगेटिव्ह सापडत असेल तर प्रिंट देऊ नका. कोडाक्रोम स्लाइडचे रंग अंधारात छान टिकतात, पण स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य प्रकाशाने धूळ ओळखून ती स्कॅनमधून पुसणं) त्यांच्यावर भरवशाची नाही. कृष्णधवल निगेटिव्हमधल्या चांदीवर तर ती चालतच नाही. तिथले डाग स्कॅनमधून हाताने काढावे लागतात. वेळ जातो तो इथे.

बुरशी दिसली तर पाणी लावू नका: बुरशीने चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर विरघळण्याजोगा झालेला असतो, चित्रच पुसलं जाईल. चिकट झालेली कॅसेटही लावून पाहू नका.

३५ मिमीची एक रंगीत फ्रेम ४००० डीपीआय (इंचाला ४००० ठिपके), १६ बिटमध्ये सुमारे १२५ एमबीची होते. सगळ्याच फ्रेमना एवढं लागत नाही. आधी कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम लहान आकारात एका पानावर) करून घ्या, मग निवडा. पाकिटांवरचा मजकूर मात्र आम्ही सगळा टिपतो. जुनी पाकिटं बदलून पाठवू नका. परत आलेल्या फिल्म पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.