हवेच्या दारात गरम पाणी

इंजिन थंड ठेवणारं कूलंट दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय, पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी एक थेंब दिसत नाही. अशा वेळी पहिली शंका येते ती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थराची. लँड रोव्हरच्या जुन्या व्ही-८ इंजिनांत मात्र तेवढ्या मोठ्या खर्चाला हात घालण्याआधी इंजिनाच्या माथ्यावरची एक लहानशी जागा नीट बघायला हवी. इंजिनात हवा सोडणारी झडप जिच्यात बसवलेली असते त्या थ्रॉटल बॉडीच्या खालच्या अंगाला बोल्टांनी आवळलेली हीटर प्लेट तिथे असते.

हे अॅल्युमिनियमचं इंजिन मूळचं अमेरिकेतल्या ब्युइकचं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि पुढची जवळजवळ चार दशकं ते सुधारत, वाढवत वापरलं. १९९४ साली आलेली दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर आणि १९९८ची दुसरी डिस्कव्हरी, दोन्हींच्या पेट्रोल गाड्या याच घराण्यातल्या इंजिनांवर धावल्या. दोन्हींत इंजिनातलं गरम कूलंट एका बारीक होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, या प्लेटमध्ये येतं, थ्रॉटल बॉडीला ऊब देतं आणि दुसऱ्या होजने परत जातं. मधे असतं फक्त एक पातळ गॅस्केट.

पण इंजिनात शिरणारी हवा थंड असलेली बरी, असं आपण नेहमी ऐकतो. मग हवेच्या दारातच गरम पाणी कशाला खेळवायचं?

थ्रॉटल म्हणजे एक गोल झडप. गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हा ती जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, हवेचा दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो. इतका फरक पडला की कडेच्या बारीक फटीतून हवा ध्वनीच्या वेगाने घुसते. वेगासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून काढते. बाहेर ५ अंश सेल्सिअस असेल, तर ऐन फटीतल्या झोताचं तापमान क्षणभर उणे ४० अंशांच्या आसपास उतरतं. धातूला चिकटून जाणारा हवेचा थर मात्र घर्षणाने मंदावतो आणि हरवलेली बरीचशी उष्णता त्याला परत मिळते. त्यामुळे झडपेची कडा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पाच-सहा अंशांनीच थंड होते. पण ५ अंशांतून सहा वजा केले की आपण शून्याखाली जातो. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो: एवढ्याशा फरकाने हवेतलं बाष्प थेट धातूवर गोठायला लागतं.

हे बाष्पही थोडंथोडकं नसतं. ५ अंशांना दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळपास ७ ग्रॅम पाणी मावतं. चार लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर, हलक्या भाराने चालताना, मिनिटाला सव्वा ते दीड घनमीटर हवा ओढतं. म्हणजे दर मिनिटाला सुमारे ९ ग्रॅम पाणी त्या झडपेवरून जातं. त्यातला छोटासा अंश जरी कडेवर बसला, तरी इंजिन अडखळतं किंवा बंद पडतं. त्याहून धोक्याचं म्हणजे अॅक्सिलरेटर सोडला तरी झडप पूर्ण मिटत नाही. उणे २० अंशांच्या कडाक्यात हा त्रास उलट कमी होतो, कारण इतक्या थंड हवेत बाष्प उरतंच किती? घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम. शून्याच्या जरा वरचा ओला हिवाळा सगळ्यात वाईट, आणि ब्रिटनचा हिवाळा नेमका तसाच असतो.

कार्ब्युरेटरच्या काळात हा प्रश्न फार मोठा होता. तिथे पेट्रोलची वाफही झडपेपाशीच व्हायची आणि ती आणखी उष्णता शोषून घ्यायची. कार्ब्युरेटरमधलं तापमान ३० अंशांहून अधिक घसरू शकतं, बाहेर ३८ अंश असतानाही बर्फ धरू शकतो, असं अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन वैमानिकांना आजही सांगतं. कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आल्यावर पेट्रोल पुढे, व्हॉल्व्हजवळ फवारलं जाऊ लागलं आणि झडपेपाशी फक्त हवेची थंडी उरली. तेवढ्यासाठी ही हीटर प्लेट.

ती का गळते? इंजिन गरम झालं की कूलंटचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने वाढतो. या दाबामुळेच साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. प्लेट रोज तापते, निवते, फुगते, आकसते. वर्षानुवर्षं न बदललेल्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपतात, ग्लायकॉलपासून आम्लं तयार होतात आणि अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग गॅस्केटच्या कडेकडेने खाल्ला जातो. गळती अगदी बारीक असते. थेंब गरम इंजिनावर पडून सुकतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो रंगीत किंवा पांढरट खार आणि एक गोडसर वास. म्हणून शोध घ्यायचा तो थंड इंजिनावर: हातपंपाने सिस्टिममध्ये दाब भरायचा आणि आरसा-बॅटरी घेऊन प्लेटच्या कडा बघायच्या. थंड धातूवर थेंब सुकत नाही, तो दिसतोच.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाई इथे महागात पडते. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही. थ्रॉटल बॉडी उतरवली की प्लेटचे बोल्ट अनेकदा गंजून धरलेले मिळतात. जोर लावला तर ते तुटतात. आधी गंज सैल करणारं तेल सोडावं, थांबावं. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावं, कारण स्टीलने अॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तीच पुढची गळती. प्लेट वाकली असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्यावी. खोल खड्डे असतील तर नवीच घ्यावी. सिलिकॉनचा जाड थर मात्र भरू नये. आत पिळलेला तुकडा सुटला तर तो रेडिएटरच्या नळीत जाऊन अडकतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. होज कडक झाले असतील तर तेही आत्ताच बदलायचे. शेवटी कूलंट भरताना हवा नीट काढणं फार महत्त्वाचं. अॅल्युमिनियमचं हे इंजिन एकदा जास्त तापलं की ब्लॉकला तडा जाण्याची किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) सुटण्याची भीती असते, म्हणून एवढ्याशा गळतीकडेही दुर्लक्ष परवडत नाही.

काही जण प्लेट बाजूला ठेवून दोन्ही होज एका नळीने थेट जोडून टाकतात. मुंबई-पुण्याच्या हवेत या इंजिनाचं त्याने काही बिघडणार नाही. मनालीत किंवा लंडनला राहणाऱ्याने हा मार्ग धरू नये. जोडायचेच तर होज जोडावेत, बुजवू नयेत. अनेक रचनांमध्ये वर साचलेली हवा याच वाटेने निघते. इतर काही जुन्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीमध्ये मेणाची गोळी असते, ती कूलंटच्या उष्णतेने फुगून थंड इंजिनाचा वाढीव आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या फेऱ्या) कमी करते. तिथे पाणी तोडलं तर इंजिन कायम जास्त फेऱ्यांवर चालत राहील.

काढलेलं जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्यावं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी करतं. जमिनीवर सांडलेलं थोडंसं चाटूनही कुत्री-मांजरं मरतात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं.