दोन ‘ग्लोरिया’: बाई एकाच नावाची, पळण्याची कारणं वेगळी

न्यूयॉर्कमध्ये माफियाच्या हिशेबनिसाचं कुटुंब मारलं जातं, सहा-सात वर्षांचा पोरगा तेवढा वाचतो आणि त्याला घेऊन ग्लोरिया नावाची बाई पळत सुटते. एवढंच सांगून कुणी ‘ग्लोरिया बघ’ म्हटलं, तर आधी विचारून घ्यावं, १९८० चा चित्रपट की १९९९ चा? नाव तेच, शहर तेच, गोष्टीचा सांगाडाही तोच. शोधताना २०१३ चा चिलीचा ‘ग्लोरिया’ही समोर येतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही, त्यात माफियाही नाही आणि पाठलागही नाही.

पहिला दिग्दर्शक जॉन कॅसावेटीसचा. कथा त्याचीच, नायिका त्याची बायको जीना रोलंड्स. दुसरा सिडनी ल्यूमेटचा, स्टीव्हन अँटिनने नव्याने लिहिलेला, शॅरन स्टोनला घेऊन केलेला. ओळखायची सोपी खूण हवी असेल तर पोराकडे बघा. पहिल्यात तो फिल आहे आणि त्याच्याजवळ बापाने दिलेली हिशेबाची वही आहे. दुसऱ्यात तो निकी आहे आणि गुंडांना हवी आहे ती कॉम्प्युटरची डिस्क. पण या वरवरच्या खुणा झाल्या. खरा फरक आहे तो ग्लोरिया का पळते यात.

१९८० ची ग्लोरिया ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीत राहते आणि शेजाऱ्यांकडे कॉफी मागायला येते. आत घरातल्यांची पाचावर धारण बसलेली. त्या हिशेबनिसाने टोळीची माहिती एफबीआयला पुरवली आहे आणि मारेकरी इमारतीत पोचलेत. आई विनवते, निदान मुलांना तरी घेऊन जा. ग्लोरिया तोंडावर सांगते, मला मुलं आवडत नाहीत, आणि तुमची तर अजिबातच नाहीत. तरी फिल तिच्या गळ्यात पडतो. पोराला शोधणारी माणसं तिच्या ओळखीची आहेत, टोळीतला एक बडा माणूस तर तिचा जुना प्रियकर. त्यांचं तिच्याशी काही वाकडं नाही. त्यांना फक्त पोरगा आणि वही हवी आहे. म्हणजे चित्रपटाच्या जवळजवळ प्रत्येक मिनिटाला तिच्यापुढे सुटकेचा रस्ता मोकळा आहे: पोराचा हात सोडायचा आणि घरी जायचं. ती तो सोडत नाही, आणि का सोडत नाही हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. माझ्या मते चित्रपटाचा सगळा ताण इथे आहे.

रस्त्यावरचा तो प्रसंग याच कारणासाठी पुन्हा पाहावा. दोघं फुटपाथवरून चाललेत, एक गाडी शेजारी येऊन थांबते. आतले गुंड दमदाटी करत नाहीत, समजावणीच्या सुरात बोलतात: तुझ्याशी आमचं काही नाही, पोराला दे आणि जा. ती ऐकून घेते. मग पर्समधून पिस्तूल काढते आणि सरळ गाडीत गोळ्या झाडते. गाडी उधळते, उलटते. ग्लोरिया टॅक्सीला हात करते. रोलंड्सच्या चेहऱ्यावर त्या क्षणी शौर्य वगैरे काही नाही. आता परतीचा दोर आपल्याच हाताने कापला, हे कळल्याची धास्ती आहे.

१९९९ ची ग्लोरिया पहिल्या प्रसंगापासूनच दुखावलेली आहे. केव्हिन नावाच्या गुंड प्रियकरासाठी तिने गुन्हा स्वतःवर घेतला आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर फ्लोरिडा सोडायची परवानगी नसताना ती न्यूयॉर्कला येते, कबूल केलेले पैसे मागायला. केव्हिन हात वर करतो. तिथेच तिला निकी दिसतो, आणि ती बंदूक रोखून पोराला घेऊन बाहेर पडते. म्हणजे केव्हिनशी तिचं भांडण आधीपासूनच आहे, पोरगा त्यात नंतर येतो. परवानगीची अट मोडल्यामुळे पोलिसांचंही भय आहेच. ती पळते हे पटतं, पण पहिल्या ग्लोरियापुढे जी निवड सतत उभी असते, ती हिच्यापुढे जवळजवळ नसते. तिला कारण जास्त दिलं आणि त्यामुळेच गूढ कमी झालं, असं मला वाटतं.

याचा दोष ल्यूमेटच्या अनुभवाला देता येत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गुन्हेगारीपट घडवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. ‘सर्पिको’ आणि ‘डॉग डे आफ्टरनून’ त्याचेच. पण कॅसावेटीसचं शहर वेगळ्या तऱ्हेने दिसतं. त्याची ग्लोरिया बस, टॅक्सी, भुयारी रेल्वे यांतूनच पळते. अंगात इमान्युएल उंगारो या फॅशन डिझायनरचे उंची कपडे, पायात उंच टाचा. लपायचं असलेल्या बाईने असे कपडे घालू नयेत खरं तर, पण तिच्याकडे दुसरे नाहीतच. स्वस्तातल्या हॉटेलच्या खोलीत ते रेशीम पाहिलं की तिचं आधीचं आयुष्य कसं होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

गंमत म्हणजे कॅसावेटीसने ही पटकथा विकण्यासाठी लिहिली होती, स्वतः दिग्दर्शन करायचा त्याचा विचार नव्हता. १९८० मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात ‘गोल्डन लायन’ हा सर्वोच्च पुरस्कार चित्रपटाला लुई मालच्या ‘अटलांटिक सिटी’सोबत विभागून मिळाला, रोलंड्सला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मात्र फिल झालेल्या लहानग्या जॉन अडामेसच्या माथी वाईट अभिनयाचा ‘रॅझी’, म्हणजे टर उडवायला दिला जाणारा पुरस्कार, मारण्यात आला. हा मला शुद्ध अन्याय वाटतो. तो पोरगा मोठ्या माणसांची वाक्यं मोठ्यांच्या आवेशात फेकतो, मधेच मीच इथला पुरुष म्हणून ओरडतो, ते कृत्रिम वाटतं हे खरं. पण घरचे सगळे गेलेलं सहा वर्षांचं मूल आव आणणार नाही तर काय करणार? निकी झालेला जाँ-ल्यूक फिग्वेरोआ जास्त सहज आहे, गोड आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर जीव जडणं ग्लोरियाला सोपं जातं. फिलचा तिला खरोखर वैताग येतो.

१९९९ चा चित्रपट तिकीटबारीवर सपाटून आपटला. स्टोनलाही ‘रॅझी’चं नामांकन झालं. तरी तो अगदीच टाकाऊ नाही. टोळीचा म्होरक्या रूबी झालेला जॉर्ज सी. स्कॉट त्यात आहे. चित्रपटगृहांत आलेला हा त्याचा शेवटचा चित्रपट. तो थोडा वेळच दिसतो, पण ग्लोरियाशी तो बोलतो तेव्हा दोघांचा जुना परिचय शब्दांपेक्षा त्याच्या थकलेल्या आवाजातून जास्त कळतो.

दोन्ही बघणार असाल तर १९८० चा आधी बघा. आधी ल्यूमेटचा पाहिला तर ग्लोरिया पोराला का सोडत नाही याचं तयार उत्तर डोक्यात बसतं, आणि मग रोलंड्सने ते उत्तर न देता काय केलंय हे नजरेतून निसटतं.