चार चाके, चार टायर आणि मधली यंत्रणा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे दोनच टायर बदलले आणि काही महिन्यांनी ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) किंवा मागच्या कपलिंगचा (मागच्या चाकांना ताकद जोडून देणाऱ्या भागाचा) मोठा खर्च निघाला, की एक ठरलेला वाद सुरू होतो. टायर विकणारा सांगतो की साइज कंपनीने दिलेलीच बसवली आहे, आणि सर्व्हिस सेंटर सांगते की चारही टायर सारखे नसल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हे वर्गाचे नाव असते, तर यंत्रणेला कळतो तो जमिनीवर एका फेऱ्यात कापला जाणारा प्रत्यक्ष परीघ. तो परीघ झिजेनुसार बदलतो, आणि एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या नव्या टायरांतही तंतोतंत सारखा नसतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये हा प्रश्न फारसा जाणवला नाही. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडला जाई, त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्ह केवळ चिखल, वाळू किंवा सुट्या मातीवर लावायचे, हा नियम होता. वळणावर किंवा परीघ वेगळे असले की घट्ट जोडलेल्या शाफ्टांत ताण साचतो, पण तिथे चाक थोडे घसरते आणि तो ताण निघून जातो. 1947 पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या जीपच्या आणि पुढे 1985 च्या जिप्सीच्या चालकांना हा नियम सवयीने माहीत होता. डांबरावर फोर-व्हील लावले आणि लिव्हर अडकला, तर गाडी थोडी मागे घेऊन तो सोडवणे, हा त्यांचा रोजचा उपाय होता.

हे गणित बदलले ते चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाड्या आल्यावर. 1970 मध्ये आलेल्या एका ब्रिटिश गाडीत आणि 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवलेल्या जर्मन ऑडी क्वात्रोमध्ये पुढच्या आणि मागच्या धुरांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेरी चाकांचा संच) होते, म्हणून वेगातला फरक तिथे रिचवला जाई. याच सुमारास व्हिस्कस कपलिंगही प्रवासी गाड्यांत शिरले, आणि 1985 पासून एका जर्मन व्हॅनमध्ये मधल्या डिफरन्शियलची जागा पूर्णपणे त्यानेच घेतली. या कपलिंगमध्ये एकाआड एक पातळ चकत्या सिलिकॉनच्या द्रवात बुडालेल्या असतात. निम्म्या एका शाफ्टला आणि निम्म्या दुसऱ्याला जोडलेल्या. एक धुरा घसरली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, द्रव तापतो आणि दोन्ही शाफ्ट जवळजवळ एकजीव होतात. ही रचना काही सेकंदांच्या घसरणीसाठी आहे. टायरांच्या परिघातला फरक मात्र गाडी चालू असेपर्यंत, एकाच दिशेने आणि न थांबता लागू राहतो. द्रव महिनोन्‌महिने तापत राहतो, त्याचे गुणधर्म बिघडतात आणि कपलिंग कायमचे कडक होते. मग कोरड्या रस्त्यावर वळण घेताना गाडी ओढल्यासारखी वाटते, आणि तो भार शेवटी दातेरी चाकांवर आणि बेअरिंगांवर येतो.

फरक किती असतो, ते भारतात 2014 मध्ये आलेल्या ऑल-व्हील ड्राइव्ह डस्टरच्या 215/65 आर 16 टायरवरून पाहता येईल. नव्या टायरचा परीघ सुमारे 2,155 मिलिमीटर भरतो. मागे 8 मिलिमीटर खाचांचे नवे टायर आणि पुढे 3 मिलिमीटरपर्यंत झिजलेले असे धरले, तर व्यासात 10 आणि परिघात सुमारे 31 मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे जवळपास दीड टक्का. दर किलोमीटरला पुढची चाके सुमारे 7 फेरे जास्त मारतात. मात्र कपलिंग प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या धुरेकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या मार्गात असते आणि तो शाफ्ट चाकापेक्षा अंदाजे चारपट वेगाने फिरतो, त्यामुळे तिथे हाच फरक 27-28 फेऱ्यांचा होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या 94.5 किलोमीटरमध्ये हा हिशेब सुमारे 2,600 फेऱ्यांवर जातो. एकच टायर वेगळा असेल, तर त्या धुरेचे डिफरन्शियल दोन चाकांची सरासरी पुढे पाठवते आणि मधल्या यंत्रणेवरचा भार निम्मा होतो, पण त्या धुरेतले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहते.

खरा तंटा मर्यादेचा आहे. एका जपानी कंपनीने चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे 6.4 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अट घातली. खाचांच्या खोलीत मोजले तर ही सूट जेमतेम 1 मिलिमीटर आणि टक्केवारीत सुमारे 0.3 होते. एका जर्मन कंपनीची मर्यादा खाचांच्या खोलीत 4/32 इंच, म्हणजे 3.2 मिलिमीटर आहे, जी परिघात 20 मिलिमीटर किंवा 0.9 टक्क्यांच्या आसपास जाते. याउलट होंडाच्या पहिल्या पिढ्यांच्या सीआर-व्ही एसयूव्हीमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर एकेक तेलाचा पंप होता, आणि पुढचा पंप जास्त फिरला की तेलाचा दाब वाढून मागच्या चाकांचा क्लच पकड घेत असे. त्यात मागच्या पंपाची क्षमता मुद्दाम 2.5 टक्के जास्त ठेवली होती, ती पुढचे टायर आधी झिजतात आणि वळणावर दोन धुरांचे अंतर वेगळे पडते हे गृहीत धरूनच. म्हणजे एका अभियंत्याने जी झीज रचनेतच सामावून घेतली, ती दुसऱ्याने मालकावर सोपवली.

सर्वांत कडक अटीवर आक्षेप घेणारे विचारतात की साध्या वळणावर दोन धुरांत याहून मोठा फरक पडत असताना 0.3 टक्क्यांनी काय बिघडणार? या आक्षेपाला उत्तर आहे. वळण काही क्षणांत संपते आणि सहसा कमी वेगात घेतले जाते, म्हणून उष्णता साचत नाही. टायरमधला फरक ताशी 100 किलोमीटरवर तासन्‌तास चालू राहतो. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. या अटीप्रमाणे सात-आठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा एक टायर कडेला फाटला, तर उरलेले तीन चांगले टायर फेकून द्यावे लागू शकतात. अमेरिकेत यावर तोडगा म्हणून नव्या टायरची खाच जुन्याइतकी तासून देणारी दुकाने आहेत. आपल्याकडे ही सोय सहसा मिळत नाही. परीघ मोजण्याची अट तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे, कारण यंत्रणेला परीघच कळतो, पण वॉरंटी नाकारताना प्रत्यक्ष मोजलेला आकडा लेखी द्यायची जबाबदारी कंपनीवर असायला हवी. ‘टायर सारखे नव्हते’ एवढे मोघम वाक्य त्यासाठी पुरेसे नाही.

या गोंधळात सुरक्षिततेचा सल्लाही अडकला आहे. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी सुटत नाही, असे टायर उत्पादक सांगतात, आणि ते बरोबर आहे. परंतु मुख्यतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत त्यामुळे पुढची, लहान झालेली चाके कायम जास्त फिरतात, आणि पुढची चाके घसरत असल्याचा समज यंत्रणेला नेमका याच दिशेने होतो. दोन्ही सल्ले एकत्र पाळायचे तर सुरुवातीपासून स्टेपनीसह पाचही टायर ठरावीक अंतराने फिरवत राहणे, एवढाच मार्ग उरतो.

भारतीय नियमांत याचा विचार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94 वा नियम चारचाकीसाठी खाचांची किमान खोली 1.6 मिलिमीटर ठरवतो. चार टायरांच्या आपसातल्या फरकाबद्दल तो काही सांगत नाही. छोट्या स्टेपनीचा प्रश्नही मॅन्युअलमधल्या वेग आणि अंतराच्या मर्यादेवर सोडलेला आहे. पूर्वी एका जपानी कंपनीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत यासाठी बॉनेटखाली फ्यूज बसवायची वेगळी जागा असे. तिथे फ्यूज घातला की मागच्या चाकांकडे जाणारी ताकद बंद व्हायची आणि स्टेपनीवर निर्धास्त घरी पोचता यायचे.

1998 नंतर संगणकाने नियंत्रित होणारे क्लच सर्वत्र आले, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्हींमध्ये याच कुळातली कपलिंग आहेत. ती सरळ रस्त्यावर पकड सैल करतात, त्यामुळे थोडा फरक सहन होतो. फरक मोठा असेल तर मात्र संगणक त्यालाच घसरण समजून क्लच पुन्हा पुन्हा आवळत राहतो, तो तापला की यंत्रणा बंद करतो आणि डॅशबोर्डवर इशारा लावतो. टायर बदलल्यानंतर लागलेला हा इशारा कोणी टायरशी जोडून पाहत नाही, आणि गाडी आधी सेन्सरच्या तपासणीला जाते. 2025 मध्ये आलेल्या दोन मोटरच्या देशी इलेक्ट्रिक एसयूव्हीत पुढच्या आणि मागच्या धुरेला जोडणारा शाफ्टच नाही, म्हणून तिथे मधली यंत्रणा पिळली जाण्याचा प्रश्न उरत नाही. प्रत्येक धुरेतले डिफरन्शियल आणि चाकांचा वेग वाचणारी ब्रेकची प्रणाली यांच्यासाठी मात्र टायर सारखे असणे तिथेही गरजेचेच आहे.