यकृत-पित्तनलिकेचे सर्जन व्हायचंय? प्रवेशाची वाट आणि लागणारे कागद

लिव्हर सर्जरीला थेट दार नाही. आधी एमबीबीएस, मग तीन वर्षं एम.एस. किंवा तिच्या तोडीची डीएनबी, विषय जनरल सर्जरी, आणि त्यानंतर तीन वर्षांचं सुपरस्पेशालिटी शिक्षण. बहुतेकांना सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतल्या (पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांतल्या) एम.सीएच. किंवा डीआरएनबी या सुपरस्पेशालिटी पदव्यांतून इकडे यावं लागतं. दिल्लीच्या आयएलबीएस या यकृतविकार संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी एम.सीएच. हेपॅटो-पँक्रिआटो-बिलिअरी (यकृत, स्वादुपिंड, पित्तमार्ग) सर्जरी असा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मुंबईत केईएममध्ये सर्जिकल गॅस्ट्रोचा विभाग आहे.

प्रवेश नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून. सर्जिकल गटाची एकच प्रश्नपत्रिका असते: 150 प्रश्न, अडीच तास, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. परीक्षा एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं, समुपदेशन म्हणजे जागावाटप एमसीसी ही केंद्रीय समिती करते. एम्स, चंडीगडची पीजीआय आणि पुदुच्चेरीची जिपमेर यांच्यासाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते, तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो.

कागदांत प्रवेशपत्र, गुणपत्र, जागावाटपाचं पत्र, दहावीचा जन्मतारखेचा दाखला, एमबीबीएसच्या गुणपत्रिका व पदवी, इंटर्नशिपचा दाखला, एम.एस.ची पदवी किंवा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, फोटो ओळखपत्र आणि पासपोर्ट फोटो. सगळ्याची मूळ प्रत हवी. खरा घोळ नावाचा होतो. दहावीला आडनाव आधी, पदवीवर शेवटी. लग्नानंतर नोंदणीवर एक नाव, आधारवर दुसरं. नीट-एसएसच्या निकालानंतर शपथपत्रासाठी धावण्यापेक्षा एम.एस.चा निकाल हाती येताच पदवी आणि कौन्सिलची नोंदणी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. पदव्युत्तर बंधपत्राची (शिक्षणानंतर करायची सक्तीची) सेवा बाकी असेल किंवा सरकारी नोकरीत असाल, तर ना-हरकत प्रमाणपत्राचं आत्ताच विचारा. कागद अडतो तो इथेच.

पसंतीक्रम भरताना मात्र घाई नको. एकदा प्रवेश घेतला की मध्येच सोडून दुसऱ्या वर्षी पुन्हा नशीब अजमावता येत नाही; त्या अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी उलटावा लागतो. म्हणून शहर किंवा स्टायपेंड पाहण्याआधी त्या विभागात काय होतं ते तिथल्या रेसिडेंटला (तिथे शिकणाऱ्या डॉक्टरला) फोन करून विचारा. पित्ताशय काढताना कॅलोच्या त्रिकोणात (पित्ताशयाच्या नळीजवळच्या अरुंद जागेत) मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली गेली, तर तो रुग्ण तुमच्याकडे येणार: डोळे पिवळे, अंगात ताप, पोटात साचलेलं पित्त. आधी ते पित्त बाहेर काढायचं, संसर्ग आटोक्यात आणायचा, आणि मग लहान आतड्याचा एक भाग वर आणून निरोगी नलिकेला बारीक टाक्यांनी जोडायचा. हा जोड शिकाऊ सर्जनच्या हाती पडतो की तीन वर्षं तो नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरतो, हे विचाराच. प्रत्यारोपण किती आणि यकृताचा मोठा भाग काढण्याच्या शस्त्रक्रिया किती, हेही.

पुढे शिकवायचं असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी एम.सीएच. किंवा डीआरएनबी लागतं. बढतीला शोधनिबंध मोजले जातात, शिवाय बायोमेडिकल रिसर्च आणि मेडिकल एज्युकेशनचे मूलभूत कोर्स पूर्ण असावे लागतात. त्याची तयारी रेसिडेन्सीतच सुरू करा. प्रत्येक शस्त्रक्रिया त्याच रात्री लॉगबुकात (शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत) लिहा आणि तीस दिवसांनी रुग्ण कसा आहे तेही पुढे नोंदवा. पहिला निबंध त्याच पानांतून निघतो.