फ्रिज म्हातारा होतो तो भिंतीतून

गेल्या वर्षी नोव्हेंबरात ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी फ्रिज बघायला आलेल्या मेकॅनिकने मागची जाळीसुद्धा न तपासता सांगून टाकलं, "पंधरा वर्षं झाली ना? यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अजिबात काढू नकोस. जुनी मशीनं दणकट असतात." दोघंही ठाम होते आणि दोघांनीही काही मोजलेलं नव्हतं.

काकांचं आधी बघू. जुन्या फ्रिजांपैकी जे कच्चे होते ते केव्हाच भंगारात गेले. आज चालू दिसतात ते उरलेले, आणि उरलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधला की जुनं ते सोनं वाटणारच. मेकॅनिकच्या म्हणण्यात मात्र विचार करण्याजोगं काही आहे. फ्रिजचं वय होतं हे खरंच, पण ते वर्षांत मोजून कळत नाही.

फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात टाकत असतो. झिरपणाऱ्या होडीतून पाणी उपसत राहावं तसं हे काम आहे. होडी जितकी झिरपेल तितका वेळ उपसावं लागणार. म्हणून कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो आणि किती मिनिटं थांबतो, हे बघितलं की होडीची अवस्था कळते.

हे घरच्या घरी मोजता येतं. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. डिसेंबरातल्या एका रात्री अकरा वाजता फ्रिज सोडून घरातली सगळी बटणं बंद केली. मी तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, आई वर फ्रिजपाशी, मध्ये फोन. "अरे, सुरू झाला बघ," आई म्हणाली आणि खाली दिवा लुकलुकायला लागला. दोन लुकलुकींत साडेसात सेकंद. ११२५ भागिले ७.५, म्हणजे १५० वॉट. मग वर येऊन वेळ लावली: ४० मिनिटं चालू, १५ मिनिटं बंद. सरासरी काढली तर १०९ वॉट, म्हणजे दिवसाला २.६ युनिट. डिसेंबरात, रात्री, दार न उघडता! हा आकडा वाईटच होता.

दुसऱ्या दिवशी दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. वरच्या बाजूला ती अडकली, खालच्या बिजागरीपाशी सुळकन निघून आली. तिथलं रबर कडक होऊन वाकलं होतं. नवं रबर ९०० रुपयांत बसलं, जाळीवरची धूळ झाडली, फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. पुन्हा मोजलं: २५ मिनिटं चालू, २५ बंद. दिवसाला १.८ युनिट.

तरीही तो निम्मा वेळ चालतच होता. उरलेली गळती दारातली नव्हती, भिंतीतली होती. आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग इथे येतो.

फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यात आणि आतल्या प्लास्टिकमध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. मेकॅनिक त्याला पफ म्हणतात. त्यात घन पदार्थ अगदी थोडा, बाकी सगळे मिलिमीटरहूनही लहान बंद बुडबुडे. उष्णता अडवण्याचं मोठं काम बुडबुड्यांतला वायू करतो, आणि तो साधी हवा नसतो. आजकाल बहुतेक सायक्लोपेंटेन वापरतात. त्याचा रेणुभार ७०, हवेतल्या नायट्रोजनचा २८. एकाच तापमानाला सगळ्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, त्यामुळे जड रेणू संथ चालतो. गरम बाजूची ऊर्जा गार बाजूला पोचवणारे हे हमालच संथ असले की उष्णता हळू जाते. शिवाय हे रेणू आकाराने मोठे, एकमेकांवर जास्त आदळतात. हवेच्या साधारण निम्मीच उष्णता हा वायू वाहून नेतो.

आता बुडबुड्यांच्या आत नायट्रोजन जवळजवळ नाही, बाहेर भरपूर आहे. एकूण दाबाचा इथे संबंध नाही. प्रत्येक वायू स्वतःच्या आंशिक दाबाच्या उतारावरून सरकतो, म्हणजे तो वायू जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जातो. म्हणून फेस तयार होताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड लवकर निसटतो, सायक्लोपेंटेन फार हळू, आणि हवा वर्षानुवर्षं आत शिरत राहते. बाहेरचा पत्रा तिला अडवतो, आतलं प्लास्टिक पूर्ण अडवू शकत नाही. संथ हमालांच्या जागी चपळ हमाल येत जातात आणि भिंत न फुटता, न झिजता, बाहेरून काही न दिसता गळकी होते. त्यात ओल शिरली तर आणखी वाईट, कारण पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहतं.

पावसाळ्यात हे हाताला कळतं. जुलैत ठाण्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. फ्रिजचा पत्रा खोलीपेक्षा तीन अंशांनी गार झाला तरी त्यावर घाम येणार. सगळीकडे थोडा दमटपणा आला तर काळजी नको. आमच्याकडे उजव्या बाजूला खाली ताटाएवढा एकच भाग दरवर्षी ओला होतो. तिथला पफ गेला आहे.

रबर बदलता येतं, थर्मोस्टॅट बदलता येतो, गॅस भरता येतो, कॉम्प्रेसरही नवा बसतो. भिंतीतला पफ मात्र कुणी बदलून देत नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. आमचा फ्रिज वर्षाला सुमारे ६५० युनिट खातो. नव्याच्या स्टार लेबलवर २४० आहेत असं धरू. तेही आमच्या मापासारखेच दार न उघडता मोजलेले असतात. वाचले ४१०. शेवटच्या स्लॅबचं युनिट सगळे आकार धरून १२ रुपयांना पडलं, तर वर्षाला सुमारे ४,९०० रुपये. २८,००० चा फ्रिज वसूल व्हायला साधारण पावणेसहा वर्षं. रबर बदलण्याआधीच्या आकड्यावर, म्हणजे ९५० युनिटांवर, हाच हिशेब केला असता तर चार वर्षांच्या आत वसुली दिसली असती आणि मी चुकीच्या आकड्यावर फ्रिज काढला असता. दुकानातली तुलना नेहमी नव्या फ्रिजची आणि फाटक्या रबराच्या जुन्या फ्रिजची असते.

इन्व्हर्टर फ्रिजला ही पद्धत चालत नाही. तो कमी वेगाने जवळजवळ सतत चालतो, त्याचे चोवीस तासांचे युनिटच मोजावे लागतात. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ वितळवणारा हीटर मध्येच लागतो, तेवढा वेळ वगळा.

हा फ्रिज घराला लाभला, तो काढू नये, असंही घरात बोललं गेलं. शनिवारी लोखंड घरात आणू नये, हेही. आईच्या भावनेचा मला आदर आहे, पण बुडबुड्यांत शिरणाऱ्या नायट्रोजनला वार कळत नाही. वीजबिल निम्मं करणारी म्हणून प्लगमध्ये लावायची जी डबी विकतात, तिच्यावर तर विश्वास ठेवूच नका. आत असतो कपॅसिटर, तो फ्रिजला लागणारी ऊर्जा कमी करत नाही, आणि आपलं बिल होतं ते प्रत्यक्ष खर्ची पडलेल्या ऊर्जेचं. शेजाऱ्यांकडची डबी लावून पाहिली, दोन लुकलुकींतलं अंतर साडेसात सेकंदच राहिलं.

आमचं ठरलं ते असं: फ्रिज चालतोय तोवर ठेवायचा. कॉम्प्रेसर गेला तर त्याच्यावर सहा-सात हजार घालायचे नाहीत, कारण नवा कॉम्प्रेसर गळक्या भिंतीतच राबणार. त्या दिवशी फ्रिज बदलायचा, आणि जुना गावी किंवा गॅलरीत दुसरा फ्रिज म्हणून लावायचा नाही. द्यायचा तो अधिकृत ई-कचरा केंद्रात. त्यातला गारवा आणणारा आर-१३४ए वायू भंगारवाल्याने नळी कापून हवेत सोडला, तर एक किलोने एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं तापमान वाढतं.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा मोजलं. चालू २७, बंद २४. आईने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ते लिहून ठेवलं आहे.