माल बसवून झाल्यावर पोरांना काही द्यायचं का?

बिल करताना हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही हळू आवाजात, पोरं बाहेर टेम्पोत माल चढवत असताना: "यांना वरून काय द्यावं लागतं?" म्हणून हा कागद बिलासोबत देत आहोत.

द्यावं लागत नाही. टेम्पोवरची माणसं आमच्या पगारावर आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्याची हमाली बिलात वेगळी लिहिलेली असते, नगावर आणि मजल्यावर, आणि ती उचलणाऱ्यांनाच मिळते. दुकान त्यातलं काही ठेवत नाही. फक्त मजला खरा सांगा. बिल करताना "पहिलाच आहे" म्हणायचं आणि गेल्यावर खाली पार्किंग, त्यावर दुकानं, मग तुमचा पहिला, असं निघालं की दारातच घासाघीस सुरू होते. तुम्हाला वाटतं पोरं चहापाणी मागतायत, त्यांना वाटतं आपली हमाली बुडाली. बक्षिशीच्या म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन साधारण ६० ते ७० किलोचं असतं, कारण कपडे पिळताना ते नाचू नये म्हणून आत चक्क काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो. हे धूड जुन्या पेठांतल्या वाड्याच्या अरुंद, वळणाच्या जिन्यावरून दोघांनी न्यायचं, त्यात एप्रिल-मे, म्हणजे सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे. ओझं उचलणाऱ्याचे पैसे ठरलेले असावेत, समोरच्याच्या मर्जीवर नसावेत, हे महाराष्ट्रानं १९६९ च्या माथाडी कायद्यानं मान्य केलेलंच आहे. आमचं दुकान लहान आहे, पण रीत तीच ठेवली आहे.

एसी, आरओ किंवा वॉशिंग मशीन बसवायला येणारा माणूस मात्र बहुतेक वेळा आमचा नसतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा असतो. त्याला कंपनीचं दरपत्रक लागू. एसीबरोबर बऱ्याचदा तीन मीटरच्या आसपास तांब्याचा पाइप येतो. त्यापुढचा पाइप, बाहेरच्या युनिटचा स्टँड, भिंतीचं भोक यांचे पैसे पडू शकतात. ही बक्षिशी नव्हे, आकार आहे. काम सुरू व्हायच्या आधी दरपत्रक दाखवायला सांगा, नंतर पावती घ्या. पावती नाही म्हणाला तर पैसे देण्याआधी आम्हाला फोन करा.

आता, मनापासून द्यावंसंच वाटलं तर? द्या की! आम्ही पोरांना "घेऊ नका" असं सांगितलेलं नाही. काम झाल्यावर, माल चालू करून बघितल्यावर द्या. आधी हातात नोट ठेवली की फिटिंगमध्ये खोट काढायला तुम्हालाच संकोच वाटतो. आणि सगळ्यांसमोर द्या. ड्रायव्हरच्या हातात दिलेलं मागं दोरी धरणाऱ्यापर्यंत पोचतंच असं नाही. किती, असं विचाराल तर माणशी वीस-पन्नास रुपये पुष्कळ झाले. तीन मजले कपाट चढवलं असेल तर तुमची खुशी. दसऱ्याला, पाडव्याला नव्या वस्तूला हळदकुंकू लावून अकरा-एकवीस रुपये आणि नारळ हातावर ठेवणारी घरं अजून आहेत. तिथं पोरांनी नको म्हणणं बरं दिसत नाही, ते घेतील.

कुणी स्वतःहून मागितलं, अडून बसलं किंवा "बघा ना काहीतरी" म्हणत दारात रेंगाळलं, तर देऊ नका. बिलावरच्या नंबरवर कळवा. तुमच्यासमोर आम्ही त्याला झापणार नाही. दुकानात आल्यावर बघतो.

खरं सांगायचं तर पोरांना नोटेपेक्षा मोकळी वाट जास्त उपयोगी पडते. टेम्पो निघताना फोन येतो, तेवढ्यात जिन्यातल्या सायकली, चपला, कुंड्या बाजूला करा. दाराची रुंदी आधी मोजा. दार काढावं लागणार असेल तर सुतार आमचा नाही. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा वॉशिंग मशीनच्या डेमोची वेळ टाकी भरलेली असेल अशी घ्या, नाहीतर माणूस मशीनकडे बघून परत जातो. प्यायला गार पाणी द्याच. चहा विचारलात तर एक घर उरकून दुसरीकडे जायचं असल्यामुळं ते कधी नको म्हणतील, राग मानू नका. पूर्व भागातल्या आजींना आमची पोरं तेलुगूतून, अक्कलकोट रस्त्याला कन्नडमधून मशीन समजावून सांगतात. आम्ही शिकवलेलं नाही, गावानंच शिकवलंय.

आणखी एक. बक्षिशीच्या ऐवजी जुना कूलर, जुना मिक्सर "घेऊन जा रे" म्हणून देणारे बरेच आहेत. वस्तू एक्स्चेंजमध्ये धरलेली असेल तर तिचे पैसे बिलातून वजा झालेले आहेत, ती दुकानात जमा होते, पोरांना देता येत नाही. तशी नसेल तर वस्तू तुमची आहे, खुशाल द्या. फक्त डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर "जुना कूलर दिला" एवढं लिहून सही करा. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी चार दिवसांनी "आमचा कूलर कुठं गेला" म्हणून विचारलं, तर पोराकडं दाखवायला काहीतरी हवं.