पिनबॉल यंत्रांवरील ऑपरेटर स्टिकर

नाणे टाकून खेळायच्या पिनबॉल यंत्रावर (काचेखालच्या उतरत्या फळीवर चेंडू खेळवायचे यंत्र) त्याचा व्यवसाय चालवणारा माणूस, म्हणजे ऑपरेटर, आपले नाव, दूरध्वनी क्रमांक, खेळाचा दर किंवा परवाना दाखवण्यासाठी जी लेबले चिकटवत असे, त्यांना ऑपरेटर स्टिकर म्हणतात. जुने यंत्र दुरुस्तीला घेतले की ही लेबले ठेवायची की काढायची, हे आधी ठरवावे लागते.

अमेरिकेत गॉटलिब, बॅली, विल्यम्स या शिकागोच्या कंपन्या यंत्रे बनवत, पण ती बारमध्ये किंवा बोलिंगच्या दालनात नेऊन ठेवणारा ऑपरेटर वेगळा असे. यंत्र त्याचे, जागा दुसऱ्याची आणि गल्ल्यात जमलेली नाणी दोघांत वाटली जात. चेंडू अडकला किंवा नाणे आत अडले तर कोणाला बोलवायचे, हे सांगण्यासाठी मुख्यतः स्टिकर लागे. परवान्याचे स्टिकर त्याहून महत्त्वाचे. अनेक शहरांत पिनबॉलला जुगार मानत. न्यू यॉर्क शहरात 1942 ते 1976 या काळात त्यावर बंदीच होती. जिथे परवानगी होती तिथे शहराचा किंवा राज्याचा शिक्का असलेला कागद यंत्राला कायद्याचे संरक्षण देई. परवान्याचे नूतनीकरण झाले की नवा कागद जुन्याच्या शेजारी, कधी त्याच्यावरच चिकटे.

म्हणूनच हे कागद बोलके आहेत. कारखान्याच्या नोंदींतून यंत्र कधी बनले ते कळते. ते पुढे कोणत्या गावात आणि किती काळ कमाई करत राहिले, हे बहुतेक वेळा फक्त स्टिकर सांगतो. दूरध्वनी क्रमांकाच्या सुरुवातीला एक्स्चेंजच्या, म्हणजे दूरध्वनी केंद्राच्या, नावाची अक्षरे असतील तर लेबल साधारणपणे 1960 च्या दशकापूर्वीचे किंवा त्याच दशकातले असते. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर ते 1963 किंवा त्यानंतरचेच. 1950 च्या दशकातल्या यंत्रावर असा पत्ता दिसला, तर ते यंत्र निदान 1963 पर्यंत तरी धंद्यात होते हे कळते.

काढण्याच्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. यंत्राचे चित्र हा त्याचा चेहरा असतो आणि दराची पट्टी नेमकी त्यावर आली तर चित्रकाराचे काम झाकले जाते. तरीही कारखान्याचे चित्र पुन्हा छापता येते. अनेक यंत्रांच्या चित्रांच्या काचा आणि पेटीवरचे चित्र रंगवायचे साचे (स्टेन्सिल) आज नव्याने मिळतात. एका ऑपरेटरचे फाटलेले लेबल पुन्हा मिळत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा ते ठेवणेच योग्य. शिवाय काढल्याने चित्र पूर्ववत होईलच असे नाही: भोवतीचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो, लेबलाखालचा ताजा राहतो आणि गडद चौकोन कायमचा दिसतो.

काढायचेच ठरले तर पृष्ठभाग ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. बॅकग्लासचे, म्हणजे यंत्राच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या काचेचे, चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असते, त्यामुळे पुढच्या बाजूचे लेबल ओले करून ब्लेडने अलगद खरवडता येते. तिथे उष्णता मात्र देऊ नये; दिव्यांच्या उष्णतेने आधीच ठिसूळ झालेला मागचा रंग सुटू शकतो. लाकडी पेटीवर उलटे आहे. तिथला रंग वरच्याच बाजूला असल्याने ब्लेड धोक्याचे. हेअर ड्रायरच्या सौम्य उबेने गोंद मऊ करून कागद पृष्ठभागाला समांतर, हळूहळू ओढावा. उरलेल्या चिकट थरासाठी नॅफ्था (पेट्रोलियमपासून बनणारे द्रावक) चालतो, पण आधी आडोशाच्या कोपऱ्यात तपासून. ॲसिटोन रंगच विरघळवतो आणि अल्कोहोलनेही काही जुने रंग उतरतात.

हात लावण्यापूर्वी लेबलाचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे आणि ते यंत्रावर नेमके कुठे होते ते लिहून ठेवावे. सुटलेला कागद आम्लमुक्त पाकिटात घालून पेटीच्या आत, विजेच्या भागांपासून दूर ठेवला तर तो पुढच्या मालकाकडे यंत्राबरोबरच जातो. पेटीच्या आतल्या बाजूला तंत्रज्ञांनी पेन्सिलीने लिहिलेल्या दुरुस्तीच्या तारखाही याच कारणासाठी पुसू नयेत.